शेततळ्यातले मासे आणि पाणकावळे: नवीन मत्स्यपालकांनी पहिल्या वर्षीच काय करावं

आमचं गाव करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्यापासून जवळच. ३० बाय ३० मीटरचं कागदाचं, म्हणजे आत प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं आहे, पाणी मुळात डाळिंबासाठी साठवलेलं, त्यात मासे सोडायचं ठरवलं. पहिल्या वर्षी कटला, रोहू आणि सायप्रिनस या माशांची मिळून २५०० बोटुकली (बोटाएवढं माशांचं बी) सोडली आणि मार्चमध्ये जाळं ओढलं तेव्हा जेमतेम सहाशे मासे निघाले. बाकीचे गेले कुठं हे कळायला मला पुढची दोन वर्षं लागली. तुमची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. लांब झालंय, पण बी सोडायच्या आधी एकदा पूर्ण वाचा, कारण यातली निम्मी कामं बी सोडायच्या आधीचीच आहेत आणि नंतर करायला गेलं की दुप्पट खर्च होतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. बी सोडल्यापासूनचे पहिले ६० ते ७५ दिवस सांभाळले की पक्ष्यांचा बहुतेक प्रश्न सुटतो, मासा एकदा तळहातापेक्षा मोठा झाला की त्याला गिळू शकणारे पक्षी फार थोडे उरतात. त्यामुळे सगळी ताकद, सगळा पैसा या दिवसांवर लावा.

१. आधी आठ दिवस नुसतं बसून बघा

तळ्यावर येणारा प्रत्येक पक्षी मासेखाऊ नसतो आणि प्रत्येक मासेखाऊ पक्षी तुमच्या तळ्यात उतरू शकतोच असं नाही. एक वही करा, सकाळी साडेपाच ते आठ आणि संध्याकाळी पाच ते अंधार पडेपर्यंत बसा, कोण आलं, किती आले, किती वेळ थांबले, चोचीत मासा दिसला का, एवढंच लिहा. मोबाईलवर तारखेसकट फोटो काढून ठेवा, पुढं उपयोगी पडतात.

आपल्याकडे कोण कोण येतं ते सांगतो.

छोटा पाणकावळा. हा खरा मुख्य गिऱ्हाईक. काळा, लांब शेपटीचा, वजनाला अर्ध्या किलोच्या आतबाहेर, टोळीनं येतो, बुडी मारून मासा धरतो आणि पोट भरलं की काठावर किंवा खांबावर पंख पसरून वाळत बसतो. त्याचे पंख पाण्यानं भिजतात म्हणून त्याला हे वाळवणं करावंच लागतं, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल. कागदाच्या तळ्याचा उतार कितीही तीव्र असला तरी याला फरक पडत नाही कारण हा पोहतच शिकार करतो.

मोठा पाणकावळा. आकारानं बदकापेक्षा मोठा, आमच्याकडे हिवाळ्यात जास्त दिसतो. दिवसाला साधारण अर्धा किलो मासा खातो आणि पाव किलोचा मासासुद्धा सहज गिळतो. धरणावर जास्त, शेततळ्यावर कमी, पण आला तर लक्ष ठेवा. याच्या चोचीला पुढं आकडा असतो, सुटून गेलेल्या माशाच्या अंगावर त्याचे ओरखडे राहतात आणि तिथं मग बुरशी धरते.

ढोकरी म्हणजे वंचक, राखी बगळा, पांढरे बगळे. हे पोहत नाहीत, उभं राहून टिपतात, म्हणजे त्यांना उथळ काठ लागतो. मातीच्या तळ्यात यांचा त्रास जास्त. कागदाच्या तळ्यात ते पाण्याच्या रेघेवर कागदाला धरून उभे राहतात आणि जवळ आलेलं तेवढं उचलतात.

रातबगळा. नावाप्रमाणे अंधारात येतो. दिवसा राखण करून घरी गेलेल्या माणसाला हा कधी दिसतच नाही. रात्री तळ्याकडून ‘क्वॉक’ असा एकच आवाज आला तर समजा तो आहे.

खंड्या. निळा खंड्या फांदीवर किंवा तारेवर बसून झेप घेतो. काळापांढरा कवड्या खंड्या हवेत एका जागी पंख मारत थांबतो आणि दगडासारखा खाली पडतो. दोघंही बोटाएवढं बी उचलतात. संख्येनं एकदोनच असतात, त्यामुळे नुकसान दिसतं तेवढं नसतं.

आता ज्यांना उगाच शिव्या बसतात त्यांचंही सांगतो. वारकरी, तो काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पक्षी, मुख्यतः पाणवनस्पती खातो. शेकाट्या किडे खातो. उजनीकाठच्या भिगवणला येणारे रोहित म्हणजे फ्लेमिंगो शेवाळ आणि पाण्यातले बारीक जीव गाळून खातात. चित्रबलाक मासे खातो हे खरं, पण तो उथळ पाण्यात उघडी चोच बुडवून चाचपत मासे धरतो, चारपाच मीटर खोल कागदाच्या तळ्यात त्याचं काही काम नाही. इंदापूरच्या तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर हे चित्रबलाक घरटी करतात, त्यामुळे आमच्या भागात हे पक्षी उडताना कायम दिसतात आणि लोकांना वाटतं आलेच आपले मासे खायला. तसं नाही.

२. मासे खरंच पक्ष्यांनीच खाल्ले का ते तपासा

ही पायरी लोक सोडून देतात आणि मीही सोडली होती. पहिल्या वर्षी मी सगळा दोष पाणकावळ्यांवर टाकला. हिशोबही बरोबर वाटत होता, कारण एक छोटा पाणकावळा दिवसाला शंभरेक ग्राम खातो असं धरलं आणि आठ ग्रामची बोटुकली धरली तर दिवसाला बारा नग झाले, सहा पक्षी, पंचवीस दिवस, १८०० बोटुकली. माझे जवळपास तेवढेच कमी निघाले होते.

दुसऱ्या वर्षी एका जाणत्या मच्छीमार काकांनी सांगितलं म्हणून बी आल्या आल्या २०० नग मोजून हाप्यात ठेवले. हापा म्हणजे मच्छरदाणीसारख्या कापडाचा पाण्यात टांगलेला पेटारा. दोन दिवसात त्यातले ४० मेले. हाप्याला वरून जाळी होती, एकही पक्षी आत गेलेला नव्हता. म्हणजे बी गाडीत दमलं होतं, पिशवीतलं पाणी आणि तळ्यातलं पाणी यांच्या तापमानात फरक होता आणि मी पिशव्या घाईत ओतल्या होत्या. पाचातलं एक बी असंच गेलं आणि ते तळाशी जाऊन बसतं, वर तरंगत नाही, त्यामुळे आपल्याला कळतही नाही.

तेव्हा हे तपासा:

बी मोजून घेतलं का? विकणारा वाटीनं मोजतो, पहिल्या एकदोन वाट्या तुम्ही स्वतः नगानं मोजा. बिलावर जात, आकार आणि नग लिहून घ्या.

पिशव्या तळ्याच्या पाण्यात १५ ते २० मिनिटं तरंगत ठेवल्या का, मग हळूहळू तळ्याचं पाणी आत घेतलं का?

तळ्यात आधीपासून मरळ किंवा दुसरा शिकारी मासा आहे का? धरणाचं किंवा ओढ्याचं पाणी उचललं असेल तर पंपाबरोबर बी येतं.

दिवड आहे का? पाण्यातला हा साप बिनविषारी आहे पण बोटुकली चांगलीच खातो.

पहाटे मासे तोंड वर काढतात का? हे सगळ्यात महत्त्वाचं. रात्रभर शेवाळ आणि मासे दोघंही पाण्यातला ऑक्सिजन वापरतात, पहाटे तो सगळ्यात कमी असतो, मग मासे वर येऊन तोंड मारतात आणि नेमकं त्याच वेळी पक्षी उतरतात. वरवर दिसतं पक्षी मासे खातायत, मुळात दुखणं ऑक्सिजनचं असतं. पहाटे अचानक नेहमीपेक्षा दुप्पट तिप्पट पक्षी दिसले तर काठी घ्यायच्या आधी मोटर चालू करून पाणी फवाऱ्यानं तळ्यातच पाडा, किंवा एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) असेल तर तो लावा. आजारी मासाही असाच वर येतो आणि आधी उचलला जातो.

३. बी मोठं घ्या, सोडायची वेळ पाळा

आपल्याकडे मत्स्यजिरे, मत्स्यबीज आणि बोटुकली अशा तीन पायऱ्यांचं बी मिळतं. जिरे म्हणजे अगदी केसासारखं, बीज म्हणजे इंचभर, बोटुकली म्हणजे आपल्या बोटाएवढी. नवीन माणूस स्वस्त म्हणून इंचभराचं बी उचलतो आणि थेट मोठ्या तळ्यात सोडतो. त्याला खंड्याही खातो, बेडूकही खातो, पाणकिडेसुद्धा खातात. ८ ते १० सेंटीमीटरच्या खाली थेट सोडू नका. पैसे कमी असतील तर नग कमी घ्या पण आकार मोठा घ्या.

कटला, रोहू, मृगळ यांचं बी पावसाळ्यात तयार होतं, जुलै ते सप्टेंबर. अडचण अशी की पाणकावळे आणि बगळेसुद्धा आपल्याकडे पावसाळ्यातच घरटी करतात, म्हणजे त्यांना पिल्लांसाठी जास्त मासे लागतात ते नेमके आपल्या बी सोडायच्या दिवसांत. हे टाळता येत नाही. म्हणून जाळी आधी लावा आणि मग बी आणा, उलटं करू नका. बी संध्याकाळी सोडा, रात्रभर त्याला पांगायला आणि सावरायला वेळ मिळतो.

४. तळ्यातच एक कोपरा नर्सरीचा करा

पूर्ण तळं झाकायला पैसे नसतील तर एवढं तरी कराच, माझ्या मते अख्ख्या लेखातलं हे सगळ्यात फायद्याचं काम आहे.

चारपाच मोठे हापे घ्या किंवा तळ्याचा एक कोपरा बारीक जाळ्यानं उभा कापून घ्या, त्यावर वरून पक्ष्यांची जाळी ताणा आणि बी दीड-दोन महिने आतच वाढवा. खाद्य आतच टाका. मासा ५० ग्रामच्या पुढं गेला की सोडून द्या. फायदा दुहेरी आहे, एक तर पक्षी लांब राहतात आणि दुसरं म्हणजे सोडताना तुम्ही परत मोजता, त्यामुळे तळ्यात खरे किती मासे आहेत ते पक्कं कळतं आणि खाद्याचा हिशोब चुकत नाही.

हाप्याचं कापड दर आठ दिवसांनी ब्रशनं घासा. शेवाळानं भोकं बुजली की आत पाणी फिरत नाही आणि बी गुदमरतं. जाळीमुळे जे वाचलं ते मग यात जातं.

५. पूर्ण तळ्यावर जाळी

सामान असं लागतं:

- एचडीपीई प्लास्टिकची, पीळ दिलेल्या जाड दोऱ्याची जाळी, रंगीत, लांबून दिसणारी. ३० बाय ३० च्या तळ्याला मी ३४ बाय ३४ मीटर घेतली, कारण चारी बाजूंना खाली सोडावी लागते
- जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) पाईप किंवा जाड बांबू, काठाच्या बाहेर रोवायला
- जीआय तार, ताण द्यायला टर्नबकल (तार घट्ट करायचा आट्यांचा आकडा)
- नायलॉन दोरी, कात्री, हातमोजे, जाड कापडाचा तुकडा
- जाडजूड दोर आणि हवा भरलेली ट्यूब. ही माणसासाठी, पुढं सांगतो

जाळीचं भोक किती असावं? पाणकावळा आणि बगळा यांच्यासाठी दोन इंचाचं पुरतं. खंड्यासुद्धा अडवायचा असेल तर एक इंचाचं लागतं, पण ती जड होते, वारा जास्त धरते, महाग पडते. मी दोन इंचाची लावली आणि खंड्याला सोडून दिलं, तो एकटा किती खाणार.

आता इथले सापळे नीट वाचा.

पहिला, खांब कागदातून रोवू नका. ऐकायला साधं वाटतं पण आमच्याच शिवारात एकानं मधे आधार म्हणून पाईप उभा केला, त्याखाली टायर ठेवला तरी वाऱ्यात हलून हलून कागद कापला गेला आणि महिनाभरात पाणी निम्म्यावर. सगळे खांब कागद जिथं मातीत दाबलेला असतो त्या चराच्या बाहेर रोवा आणि तारा आडव्या उभ्या ताणून त्यावर जाळी टाका.

दुसरा, जाळी पाण्याला टेकू देऊ नका. मधे झोळ पडला की पाणकावळे जाळीवर बसतात, वजनानं ती अजून खाली जाते आणि वरूनच मासे उचलतात. काठावर माणूस वाकून का होईना चालू शकेल एवढी उंची ठेवा, नाहीतर खाद्य टाकायला रोज जाळी उचलावी लागेल आणि एक दिवस कंटाळून तुम्ही ती उघडीच ठेवाल.

तिसरा, बाजू खालपर्यंत बंद करा. पाणकावळा वरून जागा मिळाली नाही की काठावर उतरतो आणि चालत चालत जाळीखालून आत शिरतो. मी डोळ्यांनी बघितलंय, एक शिरला की मागोमाग रांग.

चौथा, वळवाचा पाऊस. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी जे वादळ सुटतं त्यात जाळी म्हणजे शीड होते, खांबासकट उचलते. एका बाजूच्या गाठी सुटतील अशा मारा, आभाळ भरून आलं की ती बाजू मोकळी करून जाळी एका अंगाला गोळा करा.

पाचवा, आणि हा मला मनापासून सांगायचाय, मासेमारीचं बारीक पारदर्शक तंगूस, म्हणजे एकपदरी नायलॉन धाग्याचं जाळं, कधीही वरून ताणू नका. स्वस्त पडतं, जुनं फुकट मिळतं, म्हणून लोक तेच लावतात. मी पण पहिल्यांदा तेच लावलं होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे बॅटरी घेऊन गेलो तर मधोमध एक रातबगळा लटकलेला. एक पंख उलटा वळलेला, तंगूस मांडीत रुतून रक्त आलेलं, आणि धडपडून धडपडून दमून गप झालेला. बॅटरीच्या उजेडात त्याचा लालभडक डोळा तेवढा फिरत होता. पोरानं गोणपाट टाकून त्याचं डोकं झाकलं, मी एकेक धागा कात्रीनं कापत होतो, धागा दिसतच नव्हता, बोटानं चाचपून शोधावा लागत होता. अर्धा तास गेला. सुटला तेव्हा बांधावर तसाच उभा राहिला, उजाडल्यावर उडाला. त्याच दिवशी ते सगळं तंगूस मी काढलं. पक्ष्याला जाळी दिसली पाहिजे, दिसली की तो येतच नाही, आणि आपल्याला तेवढंच पाहिजे. जाळी कायम ताणलेली ठेवा, ढिली जाळी अडकवते, आणि सकाळ संध्याकाळ एक चक्कर मारा.

कोणी अडकलाच तर आधी कापडानं डोकं झाका, चोचीपासून डोळे सांभाळा, बगळा सरळ डोळ्यावर मारतो. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाईनला फोन करा.

आणि माणसाचं. कागदाचं शेततळं घसरडं असतं, आत पडलेला माणूस एकट्यानं वर येऊ शकत नाही. जाळी दुरुस्तीला एकट्यानं कधीही जायचं नाही, दोर काठावर बांधून आत सोडलेला पाहिजे, ट्यूब हाताशी पाहिजे. पोहता येतं म्हणून निर्धास्त राहू नका.

६. जाळी परवडत नसेल तर दोऱ्या

नायलॉनची रंगीत दोरी तळ्यावरून समांतर ताणायची, दोन दोन फुटावर, आणि तिला मधे मधे ज्वारीच्या राखणीला लावतो ती लाल-चंदेरी चमकी फीत बांधायची. वाऱ्यावर फीत घूं घूं वाजते. पाणकावळ्याला पाण्यावरून उडताना थोडं धावायला लागतं, वर दोऱ्या असल्या की त्याला ती जागा नको वाटते. बगळ्यासाठी काठानं पाण्याच्या रेघेजवळ गुडघ्याच्या आत उंचीवर दोन दोऱ्या फिरवा.

हे किती टिकतं? माझ्याकडे पहिले दोन-तीन आठवडे छान चाललं, नंतर धीट पक्षी शिकले. पण मी म्हटलं तसं आपल्याला ६० ते ७५ दिवसच काढायचेत, दोऱ्या आणि खालचं हाकलणं मिळून तेवढे निघतात. पाण्याची पातळी खाली गेली की दोऱ्याही खाली घ्या, नाहीतर खाली मोकळं मैदान होतं.

७. राखण

पाखरं राखणं आपल्याला नवीन नाही, हुरड्याच्या दिवसात माळ्यावर बसून सगळ्यांनी राखलेली आहेत. तळ्याची राखण थोडी वेगळी.

दिवसभर बसायची गरज नाही. उजाडताना एक तास आणि दिवस मावळताना एक तास, एवढंच नेमानं करा. पाणकावळ्यांची टोळी यायच्या आधी एकदोन पक्षी पुढं येऊन घिरट्या घालतात, त्यांना खाली उतरू न देता तिथंच परतवलं तर मागचे पुढच्या पाण्याकडे निघून जातात. टोळी उतरून खायला लागली की मग मात्र हलत नाही, दहा पावलं सरकते आणि परत.

बुजगावणं उभं करा पण दर दोन दिवसांनी जागा बदला, शर्ट बदला, मधे मधे स्वतः तोच शर्ट घालून तिथं उभे राहा. एकाच जागी उभं असलेलं बुजगावणं चौथ्या दिवशी त्यांना बसायला जागा होते. ताट वाजवणं, कुत्रं, डबा, सगळं चालतं, फक्त रोज आलटून पालटून. फटाके मी बंद केले, तळ्याजवळ मोठा आवाज झाला की मासेही खाद्य सोडतात, शिवाय गोठ्यातली जनावरं बिथरतात. गोफण फिरवून आवाज करा, दगड पक्ष्याला मारू नका.

तळ्यावर झुकलेली वाळकी फांदी, पाण्यात उभा केलेला जुना खांब, पाण्यावरून गेलेली वायर, हे काढून टाका. पंख वाळवायला जागा नसलेलं तळं पाणकावळ्याला आवडत नाही. पण घरटी असलेलं झाड मात्र तोडू नका.

८. पाण्याचा रंग आणि माशांना लपायला जागा

नवीन भरलेल्या कागदाच्या तळ्याचं पाणी काचेसारखं असतं, तळ दिसतो. सगळे बुडी मारणारे आणि झेप घेणारे पक्षी नजरेवर शिकार करतात, त्यांच्यासाठी हे ताट वाढून ठेवलेलं. कागदामुळे खालच्या मातीतून खत मिळत नाही, त्यामुळे पाणी आपोआप हिरवं होत नाही, ते करावं लागतं. बी सोडायच्या १०-१५ दिवस आधी कुजवलेल्या शेणाची स्लरी, म्हणजे पातळ काला, गाळून थोडी थोडी द्या. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवा, तळवा दिसेनासा झाला की रंग बरोबर. त्याच्या खूप आधीच दिसेनासा झाला तर शेण थांबवा, फार हिरवं पाणी म्हणजे पहाटेचा ऑक्सिजनचा घोळ, वर दुसऱ्या पायरीत सांगितला तोच. हिरवं पाणी माशांचं खाद्यही आहे, म्हणजे या एका कामात दोन कामं होतात.

लपायला जागा म्हणून बांबूची चौकट करून तिला दोन इंची भोकाचं जाड जाळं लावा आणि पाण्यात तरंगत ठेवा, बोटुकली आत शिरते, पाणकावळा शिरू शकत नाही. दुपारी सावलीही मिळते.

खाद्य रोज एकाच वेळी उघड्यावर टाकलं तर मासे वर गोळा होतात आणि पक्षीसुद्धा वेळ पाठ करतात. खाद्याच्या गोणीला खाली भोकं पाडून ती जाळीखाली किंवा या चौकटीखाली टांगा.

९. शिटेतून येणारे किडे

याकडे फार कमी लोक बघतात. माशाच्या अंगावर बारीक काळे ठिपके दिसतात किंवा साफ करताना मांसात पिवळी अळी निघते, ते बऱ्याचदा पक्ष्यांमार्फत आलेले परजीवी असतात. त्यांचं चक्र असं, पक्ष्याच्या शिटेतून अंडी पाण्यात, मग शंखाच्या गोगलगायीत वाढ, तिथून माशात, आणि तो मासा खाल्ला की परत पक्ष्यात. पक्षी पूर्ण थांबवणं आपल्या हातात नाही, गोगलगायी मात्र आहेत. कागदाला चिकटलेल्या गोगलगायी आणि त्यांची अंडी हातानं काढा, मासे काढल्यावर तळं पूर्ण वाळवा आणि चुना मारा.

१०. हे अजिबात करू नका

विष कालवलेले मासे ठेवणं, गळ लावून ठेवणं, फास, छऱ्याची बंदूक, घरटी पाडणं, यातलं काहीही नाही. हे पक्षी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतात आणि त्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही, पकडणं, विष घालणं, फास लावणं, पक्ष्यांची अंडी आणि घरटी मोडणंसुद्धा त्यातच धरलंय. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल तर शिक्षा याहून मोठी. कायदा बाजूला ठेवला तरी, विष तळ्याच्या काठावर ठेवलं तर ते पाण्यात उतरतं, तोच मासा उद्या कोणाच्या तरी ताटात जातो, तुमचं कुत्रं मरतं, शेजाऱ्याची कोंबडी मरते. आणि सहा पाणकावळे मारले तर उजनीवरून दुसरे सहा येतात, जागा मोकळी राहत नाही.

भरपाईच्या मागेही फार फिरू नका. फोटो, बिलं, सातबारा, शेततळ्याचे कागद घेऊन मी एका कार्यालयात तीन चकरा मारल्या, माशांचं नुकसान त्यात बसत नाही एवढंच उत्तर मिळालं. ती वही आणि फोटो मात्र वाया गेले नाहीत, कुठल्या महिन्यात किती पक्षी येतात हे त्यावरूनच कळलं आणि राखणीचे दिवस ठरले.

११. धरणात किंवा गावतळ्यात बी सोडणाऱ्यांसाठी थोडक्यात

तिथं जाळी टाकता येत नाही. १०० मिलिमीटरच्या आसपासची बोटुकली सोडा, एकाच घाटावर सगळं बी ओतू नका, होडीनं चारपाच ठिकाणी आणि अंधार पडताना सोडा. पिंजऱ्यात मासे वाढवत असाल तर प्रत्येक पिंजऱ्याला वरची जाळी हवीच, आणि तीसुद्धा ताणलेली. धरणातले मासे पक्ष्यांनी संपवले असं म्हणण्याआधी काठावर बारीक भोकाच्या जाळ्यात बोटाएवढं बी टोपल्यांनी कोण काढतंय तेही बघा. भिगवण, कुंभारगावकडे कितीतरी मच्छीमार बांधव हिवाळ्यात त्याच होडीतून पक्षी बघायला आलेल्या लोकांना फिरवतात आणि त्यावर घर चालवतात, तिथं पक्षी आणि मासे दोन्ही राहायला हवेत.

१२. मासे काढायच्या दिवसांत

विक्रीसाठी पाणी कमी करायला लागलात की पक्षी अचानक वाढतात, कारण मासे थोड्या पाण्यात दाटतात. जाळी शेवटपर्यंत काढू नका, फक्त जिथून ओढायचं ती बाजू उघडा. पाणी उतरवायचं काम दोन दिवसांत उरका, आठ दिवस रेंगाळलं तर वर्षभर सांभाळलेलं त्या आठवड्यात जातं.

सगळे विकायचे मासे निघाले की मी जाळी पूर्ण काढतो आणि तळं पंधरा दिवस तसंच उघडं ठेवतो. तळाला फूटभर पाणी, त्यात चुकून आलेली चिलापीची पिल्लं, चिंगळ्या, बेडकाची पिल्लं, पुढच्या बीला खाणारे पाणकिडे, सगळं असतं. ढोकऱ्या येतात, पाणकावळे येतात, रात्री रातबगळे येतात, कोणी हाकलत नाही. पंधरा दिवसांत तळ साफ होतो, मग उरलेलं पाणी डाळिंबाला सोडतो, कागद वाळवतो, चुना मारतो, जाळीची फाटलेली भोकं शिवतो.

यंदा चाळीस ठिकाणी फाटलीय. शिवायला सुरुवात केलीय, मृगाआधी व्हायला पाहिजे.